पोलिओ नाही, मग काय?



पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की आरोग्य खाते खरोखर धावते. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते बर्फात मुंबईला पाठवायचे, ६० दिवसांनी मूल पुन्हा तपासायचे, ही शिस्त १९९७ पासून चालत आली आहे. तिच्याच बळावर २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. तक्रार आहे ती पुढची. ‘पोलिओ नाही’ असे कळले की कागद फाइलला लागतो. पोलिओच्याच कुळातला दुसरा एंटेरोव्हायरस सापडला, तरी नेहमीच्या अहवालात ‘बिगर-पोलिओ’ एवढाच शेरा असतो. कोणता, हे कोणी विचारत नाही.

बिगर-पोलिओ म्हणजे किरकोळ नव्हे. १९७१ मध्ये मुंबईत एंटेरोव्हायरसमुळे डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाले, पण काही रुग्णांच्या पायांतले बळ गेले. डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी या दोहोंचा संबंध ओळखून १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हात-पाय-तोंडावर पुरळ आणणाऱ्या एंटेरोव्हायरस-७१ ने तैवानमध्ये १९९८ च्या एका साथीत ७८ जीव घेतले, बहुतेक लहान मुलांचे.

शिवाय लुळेपणा नसेल, नुसता ताप, झटके, बेशुद्धी असेल, तर पोलिओचा हा नियम लागूच होत नाही. पाठीतले पाणी तपासतात. पण एंटेरोव्हायरस तिथे अनेकदा सापडत नाही, शौचात किंवा घशात सापडतो. त्यातून आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याचे मूल बार्शी-सोलापूरला जाते, कळंबचे लातूर-अंबाजोगाईला. प्रत्येक डॉक्टरपुढे एकच मूल असते. मग साथ दिसणार कोणाला?

औषधच नाही, तर नाव कळून काय करायचे, असे म्हणणारे भेटतात. त्यांना उत्तर पुण्याने दिले आहे. तिथे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन बारी आजाराचे रुग्ण वाढले. तिथे दोष एंटेरोव्हायरसचा नव्हता. पण एका भागातले रुग्ण एकत्र मोजले गेले, म्हणून पाण्याकडे लक्ष गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर कुठल्या विहिरीवर भरतो आणि त्यात क्लोरीन पडते का, हे गावालाही ठाऊक नसते. एंटेरोव्हायरस शौचातून आणि पाण्यातूनही पसरतात.

नवे खाते उघडायची गरज नाही. एंटेरोव्हायरसवर आयुष्य घालवलेली परळची प्रयोगशाळा आज पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे (एनआयव्ही) मुंबई केंद्र आहे. धाराशिवलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘बिगर-पोलिओ’ नमुन्यांतला विषाणू ओळखावा, मेंदूज्वराच्या प्रत्येक मुलाचे शौच व घशाचा नमुना घ्यावा, आणि मूल कुठेही दाखल असो, नोंद त्याच्या गावाच्या नावाने जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे यावी. हे विषाणू उन्हाळ्या-पावसाळ्यात जोर धरतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी येत्या उन्हाळ्याआधीच हा आदेश काढावा.

— एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)