सहनिवासातला ‘सह’ कोणाचा?

एकाकी शहरांवरचा उतारा म्हणून ‘को-हाउसिंग’चे नाव आपल्याकडच्या नगररचनेच्या चर्चेतही आदराने घेतले जाऊ लागले आहे. घर प्रत्येकाचे स्वतंत्र. जेवणघर, अंगण सामाईक. आणि वस्तीचा आराखडा रहिवाशांनीच मिळून आखलेला. वास्तुरचनाकार यान गुडमंड-होयर यांनी १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये ही कल्पना लेखातून मांडली. १९७२ मध्ये सेटेडामेन ही वस्ती उभी राहिली. कल्पना सुंदर आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्यात गृहीत धरलेल्या अटीशी : शेजारी आपण निवडायचे.

ही विद्या आपल्याला परक्यांनी शिकवावी, अशी स्थिती नाही. मुंबईत गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ सालची. देशातल्या अगदी आरंभीच्या सहकारी गृहसंस्थांपैकी एक. मध्यमवर्गीय भाडेकरूंनी एकत्र येऊन हक्काचे घर मिळवावे, ही प्रेरणा निःसंशय पुरोगामी होती. पण सहकाराचे वर्तुळ ज्ञातीच्या परिघापाशी थांबले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचा, सदस्यत्व पारशांपुरतेच राखणारा पोटनियम वैध ठरवला. लहानशा समाजाची टिकून राहण्याची चिंता समजण्याजोगी आहे. परंतु तीच ढाल बलिष्ठांच्या हाती गेली, की ‘फक्त शाकाहारी’ या दोन शब्दांत अर्धे शहर दाराबाहेर राहते.

मराठीच्या अभ्यासकाला खरे तर हे सांगावे लागू नये. ‘बटाट्याची चाळ’ आपण स्मरणरंजनासाठी वाचतो आणि बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ परीक्षेपुरती. त्या कथेतल्या नायकाला परक्या गावी डोक्यावर छप्पर हवे असते. त्यासाठी जात लपवावी लागते आणि ती उघड झाल्यावर मार खावा लागतो. चाळीच्या गॅलरीविषयीचे आपले सारे गहिवर या एका कथेपुढे ठेवून तपासावेत.

मग सहनिवास नकोच काय? हवा; पण सार्वजनिक धोरण म्हणून हवा असेल, तर सार्वजनिक अटींसह हवा. जर्मनीतील ट्युबिंगेन शहराने १९९० च्या दशकात फ्रेंच सैन्याने सोडलेल्या बराकींची जमीन नागरिकांच्या गटांना ठरावीक दराने दिली. भूखंड सर्वाधिक बोलीला न देता चांगल्या योजनेला दिले आणि तळमजल्यावर दुकाने, कार्यशाळा असाव्यात ही अट घातली. जमीन शहराची, म्हणून शब्दही शहराचा.

आपल्याकडे शासकीय भूखंड वा वाढीव चटईक्षेत्र मागणाऱ्या प्रत्येक गटाला आधी विचारावे : सदस्यत्व सर्वांना खुले आहे काय? काही घरे सोडतीने, अनोळखी माणसांना देणार काय? म्हाडाच्या सोडतीत शेजारी निवडता येत नाही, ही तिच्यातली सर्वांत लोकशाही गोष्ट आहे. ज्या गटाला या प्रश्नांची उत्तरे लेखी देववत नाहीत, त्याने आपले अंगण खुशाल सामाईक ठेवावे. मात्र स्वतःच्या पैशाने.