अप्रेझल... शहराचं!

मार्च एंड जवळ आला की आमच्या ऑफिसात एक विचित्र शांतता पसरते. एरवी कॉफी मशीनपाशी अर्धा-अर्धा तास गप्पा छाटणारी मंडळी अचानक शहाण्या मुलांसारखी आपापल्या जागेवर दिसायला लागतात. बॉसच्या फालतू जोकवरही सगळे खो खो हसतात. कारण एकच... अप्रेझल!

आमच्याकडे पद्धत अशी. आधी आपण स्वतःचा फॉर्म भरायचा. वर्षभर काय केलं, कुठे कमी पडलो, कशाची गरज आहे, सगळं. मग बॉस आख्ख्या टीमचं एक प्रेझेंटेशन बनवून वरच्या साहेबांना दाखवतो. गेल्या वर्षी मी फॉर्ममध्ये जीव ओतून चार पानं लिहिली होती. दोघी जणी सोडून गेल्या, तिघींचं काम मी एकटीने ओढलं, माणूस हवाय, वगैरे वगैरे. बॉसचं प्रेझेंटेशन पाहिलं तर एकच ओळ, 'टीमने बहुतांश कामं वेळेत पूर्ण केली.' खरं होतं हो! एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्यात मी नव्हते.

हे सगळं आठवायचं कारण वेगळंच आहे. परवा आमच्या मावशी कामाला दीड तास उशिरा आल्या. माझी दहाची मीटिंग, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, डोकं तापलेलं. दार उघडल्या उघडल्या मी फटकन बोलून गेले, ‘‘मावशी, फोन तरी करायचा ना!’’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘ताई, टँकरच साडेआठला आला बघा. हंडे भरल्याबिगर कशी येनार? आन् लायनीत उभं ऱ्हाऊन फोन कुठं करू?’’

मी गप्प. आमची सोसायटी शहराच्या अगदी काठावर. आम्हालाही पाणी दिवसाआड, तेही जेमतेम पाऊण तास. पण आमचे सेक्रेटरी काका टँकर मागवतात, आम्ही मेंटेनन्समध्ये पैसे भरतो आणि शॉवरखाली उभे राहतो. शहराच्या कागदावर मात्र आमच्याकडे नळ आहे आणि मावशींच्या वस्तीतही नळ आहे. दोघींच्या रकान्यात टिकमार्क. मावशींची सकाळ कुठल्याच रकान्यात नाही.

त्या रात्री दिल्लीतल्या एका मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. विकासाचे अहवाल वाचणं आणि लिहिणं हाच तिचा धंदा. मी माझं रडगाणं गायलं, तर ती हसली. म्हणाली, ‘‘अगं, तुमच्या ऑफिसात जे होतं ना, तेच देशांचं होतं. तुझा फॉर्म आणि बॉसचं प्रेझेंटेशन एकमेकांना जोडलेलंच नाही, हाच तर सगळा घोळ आहे.’’

मग तिने जो क्लास घेतला तो थोडक्यात सांगते. कंटाळू नका, भानगड इंटरेस्टिंग आहे.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी मिळून १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. गरिबी, आरोग्य, पाणी, शहरं, हवामान असं सगळं त्यात आलं. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं. मुदत २०३०. आणि एक मोठं वचन, कोणालाही मागे सोडायचं नाही. आता वचन दिलं की अप्रेझल आलंच. दरवर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कला एक बैठक भरते आणि तिथे देश स्वतःहून आपला आढावा मांडतात. याला म्हणतात राष्ट्रीय स्वेच्छा आढावा. भारताने तो २०१७, २०२० आणि २०२५ असा तीनदा मांडला. आपल्याकडे हे काम नीती आयोग बघतो.

म्हणजे हे झालं बॉसचं प्रेझेंटेशन. आणि फॉर्म?

तो भरायला सुरुवात केली शहरांनी. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराने आपला स्वतःचा आढावा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. त्याच वर्षी जपानमधल्या किताक्युशू, तोयामा आणि शिमोकावा यांनीही. गंमत बघा, अमेरिका या देशाने आजवर एकदाही राष्ट्रीय आढावा दिलेला नाही. बॉसने प्रेझेंटेशनच केलं नाही, पण पोरीने फॉर्म भरून टाकला! आपल्याकडे पहिला मान भोपाळचा. २०२३ मध्ये यूएन-हॅबिटॅटच्या मदतीने भोपाळने असा स्थानिक आढावा काढला.

आता तुम्ही म्हणाल, शहराने कशाला या फंदात पडायचं? तर ओईसीडी या संस्थेचा एक हिशोब आहे. १६९ पैकी किमान १०५ लक्ष्यं स्थानिक आणि प्रादेशिक सरकारांना बरोबर घेतल्याशिवाय पूर्णच होणार नाहीत. साधी गोष्ट आहे. नळाला पाणी दिल्लीहून येत नाही. कचऱ्याची गाडी, बसचा मार्ग, दवाखाना, फूटपाथ, सगळं महापालिकेच्या हातात. काम एकाने करायचं आणि रिपोर्ट दुसऱ्याने लिहायचा, आणि दोघांची गाठभेटच नाही, तर काय होणार? ‘बहुतांश कामं वेळेत पूर्ण.’

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०२० च्या भारताच्या आढाव्याच्या नावातच ‘जागतिक ते स्थानिक’ असं होतं. नीती आयोग राज्यांचा निर्देशांक काढतो. २०१८ मध्ये त्यात देशाला १०० पैकी ५७ गुण होते, २०२३-२४ मध्ये ७१. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५६ शहरांचाही निर्देशांक आला. शिमला पहिलं, पणजी सहावं, पुणे सातवं, नागपूर दहावं. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पुणे-नागपूर जुगलबंदी कशी रंगली असेल ते सांगायला नको.

पण मैत्रीण म्हणाली, ‘‘हे गुण वरून दिलेले आहेत. राष्ट्रीय पाहण्या आणि मंत्रालयांच्या पोर्टलवरचे आकडे घेऊन. शहराने स्वतः बसून आपलं काय चुकतंय ते लिहिलेलं नाही. रँक म्हणजे मार्कशीट गं. फॉर्म वेगळा.’’

मग जोडायचं म्हणजे नक्की काय करायचं? तिने तीन गोष्टी सांगितल्या. एक, मोजपट्टी जुळायला हवी. देश ‘घरात नळ आहे का’ विचारणार आणि शहर ‘पाईपलाईन किती किलोमीटर’ सांगणार, तर बेरीज व्हायची कशी? आणि सरासरीच्या खाली वॉर्डाचा आकडा दिसायला हवा, म्हणजे मावशींची वस्ती आमच्या सोसायटीच्या टिकमार्कमागे लपणार नाही. दोन, कॅलेंडर जुळायला हवं. देशाचा अहवाल छापून झाल्यावर शहराचा आला तर तो कपाटातच जाणार. तीन, टेबलावर खुर्ची हवी. फिनलंडने २०२० च्या राष्ट्रीय आढाव्यात शहरांच्या आढाव्यांना जागा दिली. नॉर्वेने २०२१ मध्ये आपल्या नगरपालिकांच्या संघटनेला सोबत घेतलं. खुर्ची मिळाली की ‘आमच्याकडे हे जमलं नाही आणि त्याला पैसे आणि अधिकार लागतात’ हेही वर पोहोचतं.

धोकाही आहे म्हणा. फॉर्मवर पगारवाढ ठरणार असं कळलं की आपण काय करतो? गोड गोड लिहितो! शहरंही तेच करतील. म्हणून लिहिलेलं तपासणारं कोणीतरी बाहेरचं हवं. नागरिक, कॉलेजं, पत्रकार. म्हणजे आपणच की!

आणि आता माझ्यासाठी खरा धक्का. मला वाटत होतं हे सगळं फिनलंड-बिनलंडचं कौतुक. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७अ आहे. त्याप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल महापालिकेसमोर ठेवायचा असतो. मुंबईचा कायदा वेगळा, पण तीही असा अहवाल काढते. पाणी, सांडपाणी, कचरा, हवा, झाडं, वाहनं... अर्ध्याअधिक उद्दिष्टांचा कच्चा माल यात आहे. आणि महिना कुठला? जुलै! जो न्यूयॉर्कच्या बैठकीचा, तोच. आपल्याकडे फॉर्म आहे, तोही कायद्याने सक्तीचा. फक्त तो बॉसच्या प्रेझेंटेशनला जोडायचं कोणाला सुचलेलं नाही.

त्यात आणखी एक गोची. ‘महापालिकेसमोर’ म्हणजे निवडून आलेल्या सभागृहासमोर. आपल्या महापालिकांमध्ये कुठे २०२० पासून, कुठे २०२२ पासून सभागृहच नव्हतं. प्रशासक कारभार बघत होते. म्हणजे अहवाल लिहिणारेही तेच आणि वाचणारेही तेच. स्वतःचा फॉर्म स्वतःच सही करून ड्रॉवरमध्ये! जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. आता सभागृहात माणसं आहेत, त्यांना प्रश्न विचारता येतात आणि आपल्याला त्यांना विचारता येतात.

मी गेल्या रविवारी आमच्या शहराचा तो अहवाल डाऊनलोड केला. शपथेवर सांगते, दर रविवारी मी झोपते किंवा मॉलमध्ये असते. पाण्याचं प्रकरण उघडलं. दरडोई किती लिटर, अशी शहराची सरासरी होती. ऐटबाज आकडा! वॉर्डाप्रमाणे तक्ता शोधला. नव्हता. म्हणून नगरसेवकांना एक पत्र लिहिलं, अगदी साधं. यंदाच्या अहवालात वॉर्डनिहाय पाणी द्या आणि ते किती वाजता येतं तेही द्या. सेक्रेटरी काकांनी सही केली. ‘‘याने काय होणार?’’ असं म्हणत केली, पण केली.

सह्यांचा कागद घेऊन मी मावशींकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘‘हे कशाचं?’’ मी म्हटलं, ‘‘पाणी किती वाजता येतं ते लिहायला सांगितलंय.’’

त्या जरा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग पहाटे चारपासून लायनीत असतो ते पन लिवा की.’’

लिहिलं. त्यांच्याच शब्दांत. खाली त्यांची सही आहे, माझ्या सहीच्या वर.