परिषदेस निघण्यापूर्वीं

शहापूर तालुक्यांतील शेणव्याहून एका वडीलधाऱ्या वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांची धाकटी सून आसनगावहून गाडीनें मुंबईस जाते व एका कंपनीच्या कायदाखात्यांत काम करिते. मात्र ती वकील नव्हे. पुढील महिन्यांत तिच्या व्यवसायाची दोन दिवसांची परिषद आहे. घरांत लहान मूल, पहांटेची गाडी, आणि फी कंपनीनें भरलेली. तेव्हां या जाण्यानें पदरांत काय पडतें, व तयारी ती कोणती करावयाची, असें ते विचारतात. ही विचारणा आज पुष्कळ घरांतून होण्याजोगी आहे, म्हणून येथें तिचा विचार करितों.

जुन्या वकिलांच्या कचेरींत एक कारकून असे. तारखा त्याच्या वहींत, नकलांचे अर्ज त्याच्या हातीं, अशिलांचीं दप्तरें त्याच्या फडताळांत. नांव वकिलाचें होई, कचेरी चाले ती त्याच्यावर. मोठ्या कंपन्यांत करार, दावे व बाहेरच्या वकिलांचीं बिलें इतकीं वाढलीं कीं, त्याच कामाची स्वतंत्र विद्या झाली. तिला ‘लीगल ऑपरेशन्स’ म्हणतात. अमेरिकेंत या लोकांनीं २०१६ सालीं आपली रीतसर संस्थाही काढली. ‘सूनबाई कायद्याच्या खात्यांत आहे, पण वकील नाहीं’ हें सांगतांना ज्यांचा स्वर खालीं येतो, त्यांनीं तो वर आणण्यास हरकत नाहीं. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, तो याच तालुक्यांतून जातो. सातबारावर वारसांची नोंद नसली कीं मोबदला कसा अडतो, हें तेथील खातेदारांस आम्हीं काय सांगावें?

आतां तयारी. परिषदेच्या दालनांत यंत्रें व प्रणाली विकणारे रांगेनें बसलेले असतात, आणि त्यांच्यापाशीं प्रत्येक दुखण्यावर औषध असतें. आपलें दुखणें न मोजतां जो तेथें जातो, तो दुसऱ्याचें औषध घेऊन येतो. म्हणून आधीं दप्तर मोजावें. एकच उदाहरण घेतों. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयांत अपील करावयाचें तर १९६३ च्या मुदत कायद्यानें ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयांत ९०. नक्कल मिळण्यास लागणारा आवश्यक काळ त्यांतून वगळतात. सूनबाईंनीं गेल्या वर्षींचे निकाल काढावे आणि प्रत्येकापुढें चार तारखा लिहाव्या: निकाल कधीं लागला, नकलेचा अर्ज कधीं गेला, नक्कल कधीं आली, वकिलाच्या हातीं कधीं पडली. दिवस कोठें गळतात तें तेथेंच दिसेल. अर्जच उशिरां जात असेल तर यंत्र काय करणार? तें काम एका माणसाच्या नांवानें बांधून दिलें पाहिजे. निकाल लागल्याचेंच कळत नसेल, तर प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरांकांचा क्रमांक घालून सरकारच्या ई-कोर्ट व्यवस्थेंत तें फुकट पाहतां येतें. त्या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं ७,२१० कोटि रुपये मंजूर केले आहेत. मग विक्रेत्यास विचारावें: जें फुकट मिळतें त्याहून अधिक तुम्ही काय देतां? आणि उद्यां आम्ही तुम्हांस सोडलें, तर आमचे कागद कोणत्या रूपांत परत मिळतील? या दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळांचें हास्य मावळतें.

करारांचेंही असेंच मोजावें. सही होईपर्यंतचे दिवस कोणाच्या मेजावर जातात, एवढेंच. एका पानावर तीन प्रश्न झाले कीं पुरे. त्या पानाशीं जुळतील तींच व्याख्यानें ऐकावीं, बाकीचा वेळ आपल्यासारखेंच काम करणाऱ्यांशीं जेवणाच्या टेबलावर बोलण्यांत घालवावा.

पण त्या पानावर कोणाचेंही नांव नसावें. वकिलापाशीं विश्वासानें बोललेली गोष्ट उघड करूं नये, हें बंधन त्याच्या कारकुनावरही आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमांतही आहे. मात्र कंपनीच्या पगारी कायदेतज्ज्ञांस या कलमाचें संरक्षण नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें ठरविलें. तेव्हां चहाच्या पेल्यावर कंपनीच्या वादाविषयीं बोललेला शब्द फार महाग पडूं शकतो. विक्रेते यंत्राची करामत दाखविण्यास एखादा खरा करार मागतात. त्यांस देण्यासाठीं एक कल्पित करार घरूनच तयार करून न्यावा.

घरच्यांनीं त्या दोन दिवसांत पाहुणे बोलावूं नयेत, आणि मुलाची व्यवस्था आदल्या दिवशींच लावावी. शेणव्याहून पहांटे आसनगाव गांठण्यापेक्षां मुंबईस नातलगांकडे रात्रीं मुक्काम झाला तर उत्तम. निघण्यापूर्वीं सूनबाईंनीं तें पान सासऱ्यांस वाचून दाखवावें. व्यवसायाबाहेरच्या वडीलधाऱ्यांस समजलें तर परिषदेंतही समजेल, आणि ‘पदरांत काय पडतें’ हें त्यांस परतल्यावर त्याच पानावरून पडताळतां येईल. भेटीचीं कार्डें पिशवीभर येतील, तीं बहुतेक रद्दींत जावोत. ज्या दोघांतिघांशीं खरें बोलणें झालें, त्यांस मात्र त्याच आठवड्यांत चार ओळी लिहाव्या.