डाळीच्या डब्यात फक्त डाळ

एखाद्याचं उखळ पांढरं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या घरात उखळ असतंच असं नाही. ‘सगळं मुसळ केरात’ म्हणून हळहळणाऱ्याने जन्मात कधी मुसळ हातात धरलेलं नसतं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, हे तर आपण पगारवाढीपासून निवडणुकीच्या निकालापर्यंत कुठेही लावून मोकळे होतो. मराठी भाषेने स्वयंपाकघरातली भांडी न विचारता उचलून आणली आणि भलत्याच कामाला जुंपली. पण एकट्या भाषेला कशाला बोल लावा? आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात कुठल्याच भांड्याचं एका कामावर भागत नसे.

पाणी प्यायच्या पितळी तांब्यात निखारे घातले की त्याची इस्त्री व्हायची आणि मुलांचे शाळेचे सदरे त्याच्या बुडाखालून कडक होऊन निघायचे. धान्य पाखडायच्या सुपात नुकतं जन्मलेलं बाळ निजवलं जाई. त्याच बाळाच्या बारशाला वरवंट्याला कुंची घालून, नटवून पाळण्याखालून फिरवलं जाई. ज्याने सकाळी चटणी वाटली, तोच संध्याकाळी गोपाळ-गोविंद होऊन बायकांच्या हातांतून मिरवायचा. मंगळागौरीच्या खेळात सूप नाचतं, करवंट्या वाजतात. नवरात्रात अष्टमीच्या रात्री कोकणस्थांच्या घरी महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. एरवी कमरेवर मुकाट बसणारी घागर त्या रात्री धूप घेऊन तोंडाशी आली की घुमायला लागते. देवीचा मुखवटा तरी कशाचा? तांदळाच्या उकडीचा. म्हणजे मोदकांच्या घरातलाच.

या सगळ्याला आपण ‘गृहिणीची कल्पकता’ असं गोड नाव दिलं आहे. त्यावर लेख येतात, स्पर्धा होतात, पहिल्या तीन क्रमांकांना स्टीलचे डबे मिळतात. त्या कल्पकतेविषयी मला आदरच आहे. पण तीसएक वर्षं बँकेत काढल्यामुळे एक खोड लागली आहे. जमेची बाजू दिसली की नजर आपोआप नावे बाजूकडे जाते. बायकांनी एका भांड्याकडून चार कामं करून घेतली, हे जमेला. पण का करून घ्यावी लागली? त्या कामासाठीची खरी वस्तू त्यांच्या हाती कुणी दिलीच नव्हती, हे नावे पडायला हवं. आपण ते कधी लिहीत नाही.

भांड्यावर घातलेल्या नावाचंच पाहा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांनी घडलेली तांब्या-पितळेची भांडी लग्नात आली की त्यांवर अक्षरं कोरली जात. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून’ आणि खाली तारीख. आपल्याला त्यात हौस दिसते. मला त्यात दस्तऐवज दिसतो. घर सासऱ्यांच्या नावावर, शेत दिरांच्या, पासबुक नवऱ्याच्या. बाईचं नाव कुठे? पातेल्याच्या काठावर. आमटी ढवळता ढवळता तिला रोज वाचता येईल असं ते एकच खरेदीखत होतं. अडीअडचणीला तेच पातेलं सावकाराकडे गहाण पडे आणि मुलाची फी भरली जाई. स्वयंपाकाचं भांडं तारण म्हणून राबत होतं, कारण तारण ठेवायला तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे स्त्रीच्याच मालकीचं असल्याचा निर्वाळा १९८५ साली दिला. पातेल्यांवरच्या अक्षरांनी ते त्याआधी कितीतरी वर्षं लिहून ठेवलं होतं.

आता डब्याकडे वळू. डाळीचा, तांदळाचा, फोडणीच्या सामानाचा डबा ही महाराष्ट्रातली सर्वांत जास्त शाखा असलेली बँक. तिला परवाना नाही, लेखापरीक्षण नाही, बुडीत कर्जं तर मुळीच नाहीत. भाजीच्या पैशांतून उरलेले दहा, रद्दीचे वीस, भाऊबिजेचे शंभर. ठेव ठेवताना सही लागत नाही आणि काढताना कुणाची परवानगी लागत नाही. बाहेरच्या जगात तिच्यासाठी यातलं एकही सोपं नव्हतं, म्हणून तर डाळीला तिजोरीचं काम करावं लागलं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि हे डबे एका फटक्यात उघडे पडले. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. बँका १० तारखेला उघडल्या. सुरुवातीला काउंटरवर चार हजारांपर्यंतच नोटा बदलून मिळत होत्या. पुढे साडेचार हजार, मग दोन हजार, आणि २४ तारखेला तेही बंद. ३० डिसेंबरपर्यंत फक्त खात्यात भरायचं. त्या दिवसांत नोटांना येणारा वास मी विसरणार नाही. हिंगाचा, मेथीचा, मिरचीपुडीचा. काही नोटांच्या घड्या इतक्या बारीक की उलगडताना आमच्या रोखपालाला नखं लावावी लागत. काहींच्या कडा हळदीने पिवळ्या.

काउंटरपर्यंत येऊन मागे फिरणाऱ्या, मग गर्दी ओसरल्यावर माझ्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या बायका मी त्या पन्नास दिवसांत कितीतरी पाहिल्या. प्रश्न सगळ्यांचा एकच असे. एकीने तो अगदी हळू आवाजात विचारला, “मॅडम, खात्यावर भरले तर ह्यांना कळेल का हो?” खातं दोघांच्या नावावर होतं आणि त्याला मोबाइल नंबर जोडलेला होता तो ‘ह्यांचा’. पैसे भरल्याबरोबर त्यांच्या खिशात घंटी वाजणार. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असं सरकारने जाहीर केलं होतं. पण या बाईंना भीती प्राप्तिकर खात्याची नव्हतीच. मी त्यांना एकटीच्या नावाने खातं उघडायचा अर्ज दिला. त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. परत आल्या की नाही, ते मला आठवत नाही. अशा अर्जांतले थोडेच भरून परत आले, एवढं मात्र आठवतं.

काही नवऱ्यांनी तेव्हा कौतुक केलं, ‘बघा, हिने गुपचूप एवढे साठवले!’ काहींनी हिशेब मागितला. विनोद मात्र सगळ्यांनीच केले.

विनोदावरून लाटणं आठवलं. मराठी हास्यचित्रांतली बायको दारामागे लाटणं घेऊन उभी असते आणि उशिरा आलेला नवरा चपला हातात घेऊन चोरपावलांनी आत येतो. दिवाळी अंकांनी हे चित्र किती वर्षं छापलं याची गणती नाही. आणि १९८०च्या दशकात वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर एक चौकोनी बातमी पुनःपुन्हा येई. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली.’ स्टोव्ह सासूच्या हातात कधी भडकत नसे, नवऱ्याच्याही नाही. नव्या सुनेच्याच हातात तो बरोबर भडके. स्वयंपाकघरातल्या वस्तूचा याहून भीषण ‘दुसरा उपयोग’ कुठला असेल? पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचासारख्या संघटनांनी सुनांच्या अशा मृत्यूंबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९८३ साली दंडसंहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं. तेव्हा कुठे त्या चौकोनी बातमीच्या मागे काय दडलंय ते कोर्टात विचारलं जाऊ लागलं. चित्रातलं लाटणं खोटं होतं आणि बातमीतला स्टोव्ह खरा होता. हसलो मात्र आपण चित्राला.

त्या विनोदाचं लाटणं आपल्याकडच्या बायकांनी एकदा त्याआधीच हिसकावून घेतलं होतं. १९७२ चं साल. महाराष्ट्रात दुष्काळ, रेशनच्या रांगा, तेल-साखर-रॉकेलची टंचाई. मुंबईत त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. ज्यांचे पक्ष एकमेकांशी धड बोलत नव्हते, त्या बायका एकत्र आल्या आणि हजारो गृहिणींच्या हातात लाटणं देऊन रस्त्यावर उतरल्या. ‘लाटणे मोर्चा’ हा शब्द मराठीला तेव्हा मिळाला. थाळ्याही वाजल्या.

झेंडा का नाही, लाटणंच का? झेंडा विकत आणावा लागतो आणि तो कुठल्या तरी पक्षाचा असतो. लाटणं घरात असतंच आणि ते घेऊन बाहेर पडताना कुणाला विचारावं लागत नाही. शिवाय ते हातात दिसलं की भाषणाची गरज उरत नाही. पोळपाटावर लाटायला काही राहिलं नाही, हे समोरच्या मंत्र्याला कळतं. ज्यांच्यापुढे कुणी माइक धरत नव्हतं, त्यांनी लाटण्याचा माइक केला. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि तो आवाज दाबला गेला. पण १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.

हे फक्त आपल्याकडचं नाही. चिलीची राजधानी सांतियागो इथे १ डिसेंबर १९७१ रोजी बायका रिकामी पातेली बडवत अध्यक्ष आयेंदे यांच्या डाव्या सरकारविरुद्ध निघाल्या. आणि १९८३ मध्ये त्याच शहरात पातेली वाजली ती लष्करशहा पिनोशे यांच्याविरुद्ध. अर्जेंटिनात २००१ च्या डिसेंबरात बँकांतल्या ठेवी गोठवल्या, तेव्हा ठेवीदार पातेली घेऊन रस्त्यावर आले. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ते वाचून आजही पोटात गोळा येतो. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर यांगून शहर रात्री भांड्यांच्या आवाजाने दणाणत होतं. आपण २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीच्या वेशीवर शेतकऱ्यांनी त्या सरकारविरुद्ध वाजवल्या. थाळीला पक्ष नसतो. त्या मार्चमधल्या संध्याकाळी पुण्याच्या गच्च्यांवर पुरुषही थाळ्या घेऊन उभे होते. त्यांतल्या काहींना, थाळी आपल्या घरात कुठल्या कप्प्यात असते, हे आधी विचारावं लागलं असणार!

आज आमच्या सोसायटीतल्या स्वयंपाकघरांत ट्रॉल्या आल्या, प्रत्येक कामाला निराळं यंत्र आलं. आजीचा नाव घातलेला तांब्या दिवाणखान्यात फुलदाणी झाला आणि जातं हॉटेलच्या दारात शोभेला बसलं. पुष्कळांना याची हुरहुर वाटते. मला नाही वाटत. नोकरी करणाऱ्या मुलीच्या डाळीच्या डब्यात आज फक्त डाळ असते, कारण पैसे तिच्या खात्यात असतात. याला मी प्रगती म्हणते.

पण सगळ्या डब्यांना अजून निवृत्ती मिळालेली नाही. २०१४ च्या ऑगस्टपासून जनधनची खाती निघाली, २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार थेट बायकांच्या खात्यात येऊ लागले. चांगलंच झालं. पण ओळखीतल्या पोळ्या करणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या बायकांना विचारून पाहा. खातं तिचं, कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, चारआकडी पिन मुलाला पाठ. मग तिची खरी बँक पुन्हा तांदळाच्या डब्यातच. कायदा कमी नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. ही सवलत टक्का वाचवण्यासाठी घेतली जाते की तिच्यासाठी, हे ज्याचं त्याने मनाला विचारावं.

तेव्हा गृहिणीच्या कल्पकतेचं कौतुक जरूर करा. पण आजचा रविवार आहे, घरातली सगळी माणसं एका ठिकाणी आहेत. चहा झाल्यावर घरातल्या बाईचं पासबुक काढा आणि त्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते पाहा. तिचा नसेल तर उद्या सोमवार आहे. बँकेत जाऊन अर्ज द्यायचा, बस. फार वेळ लागत नाही.