भोकं नसलेली खुर्ची

मागच्या वर्षी मी ऑनलाइन एक खुर्ची मागवली. सागवानी, उलट्या व्हीसारखे पाय, पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी. नाव 'चंदीगड चेअर', किंमत 18,000. बाबा पुण्याला आले, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "अरे, आमच्या ऑफिसात अशाच वेताच्या होत्या की! केवढ्याला पडली?"

मी निम्मी किंमत सांगितली.

खोटं का बोललो? कारण ज्या खुर्चीवर बाबांनी फुकटात नोकरी काढली, तिची आठवण मी ईएमआयवर घेतली होती.

मला मॉडर्निस्ट फर्निचर मनापासून आवडतं. त्यात काही लपवलेलं नसतं. कुठला दांडा कुणाचं वजन पेलतो ते दिसतं. पण आपण, म्हणजे माझ्यासारख्या आयटीवाल्यांनी, या आवडीचं जे केलंय ते मला पटत नाही. आपण ती ऐपत दाखवायची वस्तू केली.

मुळात ती तशी नव्हती. 1951 मध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे चंदीगडचं काम आलं. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे 1965 पर्यंत तिथे राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्यांना, कोर्टाला, विद्यापीठाला बसायला हजारो खुर्च्या हव्या होत्या. लाकूड आणि वेत इथलंच, सुतार इथलेच, बसणारे कारकून आणि विद्यार्थी. पुढे त्या मोडल्या, गच्चीवर ढीग लागले, भंगार म्हणून लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि लाखोंना विकल्या. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीवर बंदी घातली, तोवर बऱ्याच गेल्या होत्या.

यावर आपण सरकारी बाबूंना हसतो. पण आपण काय वेगळं करतो? आजीचा पाट आणि वेताची खुर्ची भंगारवाल्याला द्यायची, फॉल्स सीलिंग ठोकायचं आणि मग रील पाहून तीच खुर्ची 'व्हिंटेज' म्हणून परत आणायची. बाबूने निदान फायदा तरी उकळला नाही.

कुणी म्हणेल, सागवान परवडतं कुणाला? बरोबर. पण मुद्दा सागवानाचा नाहीच. चार्ल्स आणि रे ईम्सनी 1940च्या दशकात प्लायवूड वाकवून खुर्च्या केल्या आणि ते प्लायवूड आहे हे लपवलं नाही. प्लायवूड वाईट नाही. त्यावर लाकडाचा फोटो असलेला सनमायका चिकटवणं, हा खोटेपणा आहे. हाताशी आहे त्या सामानातून, सगळ्यांना बसता येईल आणि जवळच्या कारागिराला दुरुस्त करता येईल, असं काही बनवायचं, एवढंच तर ते होतं.

या पावसाळ्यात माझ्या खुर्चीची जाळी फाटली. वेत विणणारे एक काका शोधून आणले. बाबांच्या ऑफिसातल्या खुर्च्या तीन-तीनदा विणून घेतलेल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. काकांनी खुर्ची उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं.

"हिला विणायला भोकंच नाहीत, दादा. तयार जाळी खाचेत चिकटवलीय. मी काय विणू?"

आकार हुबेहूब होता. फक्त काकांच्या हाताला जागा ठेवलेली नव्हती.

त्या रात्री बाबांना फोन करून खरी किंमत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "सुताराकडून करून घ्यायचीस ना."

पुढची खुर्ची भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून करून घेणार आहे. भोकं पाडलेली.