पेटी गावोगाव गेली, संकेतस्थळ का अडले?

बडोद्यातील ग्रंथालयांचा विषय निघाला की महाराज सयाजीरावांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणविले, संस्थानभर मोफत वाचनालये उभारविली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी धाडल्या. वाचकाने राजधानीत यावे असे न म्हणता ग्रंथच वाचकाच्या गावी गेला.

आज ती पेटी म्हणजे ग्रंथालयाचे संकेतस्थळ. परंतु ते उघडते कोणासाठी? अंध वाचकाजवळ पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली असते. तीपैकी काही विनामूल्य मिळतात. ती अक्षरे वाचते, चित्रे नव्हे. आमची ग्रंथालये मात्र पानाचे छायाचित्र चढवितात आणि ग्रंथ उपलब्ध केल्याचे जाहीर करतात. त्या छायाचित्रापुढे आज्ञावली मुकी होते. कोठे जुन्या टंकातील मजकूर आढळतो. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसते, पण युनिकोड नसल्यामुळे कानी निरर्थक रोमन अक्षरे पडतात. सावंतवाडीकडील एखाद्या वाडीत, जेथे जाळे कसेबसे लागते, तेथील डोळस वाचकाचीही गत निराळी नाही. उद्घाटनाची फिरती छायाचित्रे उतरेपर्यंत त्याचा धीर सुटतो, ग्रंथसूची दूरच.

“अंध वाचक येतातच किती?” असे आम्हांस विचारण्यात येते. वाट अडवून वाटसरू मोजण्याचा हा प्रकार झाला! वऱ्हाडचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज यांनी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि शंभरांहून अधिक ग्रंथ रचले. त्यांना वाचून दाखविणारे शिष्य होते. ज्याला शिष्य नाहीत त्याने काय करावे?

खर्चाची सबबही टिकत नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या साध्या अक्षरांत ठेवल्या तर मोबाइलवर टिपलेल्या एकदोन छायाचित्रांएवढीच जागा लागते. जे अंधास ऐकू येते, तेच मंद जोडणीवर झटकन उतरते; दोन्ही कामे एकाच श्रमात होतात. मुद्रणाधिकाराची भीती घालणाऱ्यांनी २०१२ ची कायदादुरुस्ती वाचावी; अपंगांसाठी सुगम प्रत करण्यास तीत मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर २०२५ साली अशी सुगमता जीविताच्या हक्कातच गणली.

आमची देवस्थानेही यातून सुटत नाहीत. उत्सवपत्रिका, पंचांग, कोंकणी आरत्यांचे संग्रह हे सारे आम्ही चित्ररूपानेच पाठवितो, आणि देवळात अंध भक्ताचा हात धरून त्याला गर्भगृहापर्यंत नेतो. हे मासिकही त्या दोषातून मुक्त नाही. पुढील अंकापासून त्याचा मजकूर युनिकोड अक्षरांतही द्यावा, अशी आमची संपादकांस विनंती आहे. जुन्या अंकांच्या टंकलेखनासाठी वाचकांनी आपली नावे कळवावीत.