बाळाचे दुपटे सोडून श्वास मोजा

थंडी सुरू झाली की घरोघरी लहान बाळांना सर्दी-खोकला होतो. बहुतेक बाळे आठवडाभरात बरी होतात. काहींची सर्दी मात्र छातीत उतरते आणि अशा वेळी काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. घरच्यांचे लक्ष असते तापाकडे. पण न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला ताप नसूही शकतो. कधी त्याचे अंग उलट थंड पडते. धोक्याची खूण श्वासात दिसते आणि आपण तर बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलेले असते.

म्हणून आधी दुपटे सोडा. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, त्याच्या पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे असे समजावे. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच थोडा अनियमित असतो. त्यामुळे आकडा जास्त आल्यास पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काही खुणा दिसल्यावर मात्र मोजत बसू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, श्वास मध्येच थांबणे, बाळाने अंगावर पिणे सोडणे किंवा मलूल पडणे, यातील एकही खूण दिसली तरी तातडीने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. वाटेत बाळाला छातीशी उबेत धरावे. दमलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने दूध, गुटी किंवा काढा घालू नये. तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. धुरी देणे, बिब्बा घालणे, पोटावर चटके देणे यांत मोलाचा वेळ जातो आणि बाळाला इजाही होते.

हे ओळखायला फार शिक्षण लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील महिलांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी, वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, एवढेच.

आज आशा सेविका प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची अनेक कुटुंबे ऐन थंडीत ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांची बाळे कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, चुलीच्या धुराशेजारी असतात. गावच्या आशाची नोंदवही तिथे पोहोचत नाही. गळीत हंगाम सुरू होताच तळावरील प्रत्येक बाळाची नोंद त्या भागातील आशा सेविकेकडे झाली पाहिजे. आरोग्य विभाग आणि कारखान्यांनी मिळून हे काम करावे. न्यूमोकोकल लसीचे डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मोफत मिळतात. तेही स्थलांतरात चुकता कामा नयेत.

घड्याळ आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. बाळाला सर्दी झाली की रोज एक मिनिट त्याच्यासाठी द्या. घरातील आजीलाही मोजायला शिकवा, कारण बाळ दिवसभर बहुधा तिच्याच मांडीवर असते.